खारुनच्या काठी खोटी माशी

उरल्याच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालो तेव्हा माझे कान जवळजवळ गेलेच होते. बायको, शेजारी, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं बंद दाराआडून बोलल्यासारखं यायचं. दिवस कापसासारखे मऊ आणि रिकामे.

जावयानं परदेशी जाताना त्याचा मासे धरायचा लांब, लवचीक रॉड आमच्याकडे ठेवला होता. त्याला गांडूळ लागत नाही. बारीक गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद उतरवायची. माशीला वजन नसतंच. जाड दोरीच तिला वाहून नेते.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी चौबे कॉलोनीतल्या मैदानात सराव सुरू केला. गळाऐवजी लोकरीचा तुकडा. दोरी चाबकासारखी कडाडत असावी, कारण कुत्री पळायची. बहुतेक वेळा ती माझ्याच गळ्यात येऊन पडायची.

एका संध्याकाळी बायको बघत उभी होती. जवळ येऊन कानाशी ओरडली, "काहून एवढी घाई करून राहिले? मागं गेलेली दोरी सरळ तर होऊ द्या!"

मागचं मला दिसत नव्हतं आणि तिचं 'आता' ऐकू येत नव्हतं. मग तिनं माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. दोरी मागं ताणली गेली की बोटांनी खांदा दाबायची. मी हात पुढे न्यायचो. त्या दिवशी पहिल्यांदा दोरी हवेत उलगडत गेली, सावकाश, झोपेतल्या श्वासासारखी.

थंडीत रविवारी सकाळी आम्ही खारुन नदीवर जाऊ लागलो. धुक्यात पलीकडचा काठ नसायचाच. साडी खोचून ती माझ्याजवळ गुडघाभर पाण्यात उभी राहायची. तीन रविवार काहीच लागलं नाही आणि त्याचं आम्हाला वाईटही वाटलं नाही.

चौथ्या रविवारी माशी टेकली तिथं पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. रॉडचं टोक वाकलं. दोरीतून कुणीतरी जिवंत माझ्या मनगटाशी बोलू लागलं. बायकोचं तोंड उघडलेलं दिसलं, ओरडली असणार.

तळहाताएवढा चंदेरी मासा. हात ओला करून मी गळ काढला.

"सोडा आता त्याले," ती कानाशी म्हणाली. "घरी बायको असेल त्याची."

ओंजळ पाण्याखाली नेली. तो क्षणभर तिथंच थांबला, मग नव्हताच.

तिनं हात पुढे केला. "मले द्या."

पहिल्याच फेकीत माशी तिच्या अंबाड्यात अडकली. मी मागं उभा राहून हळूहळू गळ सोडवत होतो. ती इतकी हसत होती की ते हसू माझ्या बोटांना कळत होतं. धुकं उठून ऊन चटका देऊ लागलं, तरी बाईसाहेब निघायचं नाव घेईनात.