वीतभर लाल गाडी

डेपोत तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती शहराची बस चालवत होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या बसमध्ये उभ्या माणसाचा कधी तोल गेला नव्हता. चौक दिसला की तिचा पाय ब्रेकवर, म्हातारा दिसला की ब्रेकवर, आणि रस्त्यात कबुतर दाणे टिपत असलं तरी त्याचं पोट भरेपर्यंत ब्रेकवर. मागे बसलेले लोक घड्याळ बघत आणि दात ओठ खात, पण उतरताना सगळे धडधाकट उतरत.

घरात तीन माणसं. ती, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर गिऱ्हाइकांना "हे बरं दिसतं, की हे?" असं विचारून विचारून त्याला स्वतःचं मत म्हणून काही उरलंच नव्हतं. सासूबाई निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं भूमिती शिकवलेली, त्यामुळे घरातली चटईसुद्धा भिंतीला समांतर नसेल तर त्यांना झोप लागत नसे.

एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंनी कपाट आवरायला काढलं आणि त्यातून जप्तीची पेटी निघाली. वर्गात मुलांकडून काढून घेतलेल्या वस्तू त्या पेटीत वर्षानुवर्षं साठल्या होत्या. शिट्ट्या, पत्त्यांचे तीन अर्धे जोड, एक खोटी मिशी, आणि तळाशी वीतभर लांबीची लाल रिमोटची गाडी. पुढचं चाक धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा हात मोडलेला, गिअरचे दात झिजलेले, आणि आत बॅटरी फुटून त्यावर पांढरी बुरशी चढलेली.

"आई, ही परत करायला हवी होती," ब्रेकबाई म्हणाली.

सासूबाईंनाही ते टोचलं. कोणाची गाडी ते त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी त्या विद्यार्थ्याचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला. समोरून बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस बोलत होता. बाईंचा आवाज ऐकताच त्याची बोबडी वळली. "बाई, ती माझी नव्हती," तो म्हणाला, "शेजारच्या बाकावरच्याची होती. शपथ!" आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तर उचललाच नाही.

अशी ती गाडी घरात राहिली.

ब्रेकबाईने ती उघडून टेबलावर पसरली. ज्या कंपनीने ती बनवली होती ती केव्हाच बंद पडलेली. सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. डेपोतल्या मेकॅनिकने गाडी हातात घेऊन उलटी सुलटी केली आणि "फेका" असा निकाल दिला. पण ब्रेकबाईला मोडकी गाडी टाकून देण्याची सवय नव्हती. बस बंद पडली तरी ती शेवटचा प्रवासी दुसऱ्या बसमध्ये चढेपर्यंत तिथेच उभी राहत असे.

वाचनालयाच्या कोपऱ्यात एक छपाईचं यंत्र होतं. कागदावर छापणारं नव्हे. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत अख्खी वस्तू उभी करणारं. ग्रंथपाल बाई त्यावर पुस्तकात ठेवायच्या खुणा बनवायच्या. ब्रेकबाईने त्यांच्याकडून संगणकावर चित्र काढायला शिकून घेतलं, मेकॅनिककडून मापं घ्यायचा कॅलिपर उसना आणला, आणि मोडक्या हाताचं माप घेऊन नवा हात काढला. तो छापून झाला तेव्हा तिने तो बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसा रुमालात गुंडाळून घरी आणला.

पहिल्याच धक्क्याला त्याचे दोन तुकडे झाले.

"उभा छापलात ना?" मेकॅनिक तुकडे बघून म्हणाला. "थर आडवे आलेत. लाकूड कसं रेषेने फुटतं, तसं फुटणारच. आडवा निजवून छापा."

आडवा निजवून छापलेला टिकला. मग तिने हौसेने दुसऱ्या बाजूचाही नवा छापला. पण चाक बसवायला गेली तर ते मागच्या बाजूला बघू लागलं.

सासूबाई चहा पिता पिता निरखत होत्या. "अगं, दोन्ही डावेच आहेत," त्या म्हणाल्या. "अक्ष धरून उलटं करायला नको का? सातवीतला धडा आहे."

तेव्हापासून सासूबाई रेखाटनं तपासू लागल्या. लाल पेनने. छापलेल्या कागदावर "कोन चुकला", "अक्षर सुधारा" असे शेरे पडू लागले. पण एकदा त्या गावाला गेल्या असताना ब्रेकबाईने गिअर छापायला लावला आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं. नऊ तास यंत्र चाललं. निघाला तो चांगला बशीएवढा गिअर. टाकवेना, म्हणून नवऱ्याने त्यावर गरम पातेलं ठेवलं. प्लॅस्टिक मऊ झालं, पातेलं त्यात रुतलं, आणि त्या पातेल्याला आजही खाली सहा दात आहेत.

सात महिन्यांनी गाडी पळाली. तोवर घरात एक जुनं छपाईयंत्रही आलं होतं आणि ब्रेकबाईचा हात बसला होता. तिने गाडीला मागचा बंपर केला, काडीएवढा वायपर केला, आत नखाएवढी आग विझवायची नळी बसवली, आणि वर संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजाही काढला.

"आत बसणार कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. पण नियम म्हणजे नियम, आई."

शहरात अशा गाड्यांचा एक क्लब होता. क्लबचे अध्यक्ष एक दंतवैद्य होते. दर महिन्याला बंद पडलेल्या स्केटिंगच्या मैदानावर ते शर्यत भरवत, आणि पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांची शर्यत वेगळी असे. दहा फेऱ्या मारायच्या. चालकांनी एका लाकडी ओट्यावर उभं राहून रिमोट चालवायचा. ब्रेकबाईने नाव दिलं.

सुरुवातीचा झेंडा पडला आणि ब्रेकबाईने आधी दोन्ही बाजूंना बघून घेतलं. तोवर बाकीचे दुसऱ्या वळणावर होते. मागून गाडी आली की ही कडेला घेऊन तिला वाट देई. वळणावर हिचा वेग मुंगीचा. पाचव्या फेरीला मैदानात एक कबुतर उतरलं. पुढचं सांगायला नको. नऊ गाड्यांत ती नववी आली, आणि आठव्या आलेल्या गाडीला एक चाक नव्हतं.

"छान सुरक्षित चालवता," दंतवैद्य म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

 घरी येऊन दार उघडल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण रिमोट हातात येताच त्यांच्यात काय संचारलं कोण जाणे. गच्चीवर गाडी अशी सुटली की वाळत घातलेली चादर घेऊनच पुढे गेली. "सरळ चाल! कुठे चाललास? ओळीत!" असं त्या गाडीवर ओरडत, आणि गाडीही बिचारी ऐके.

फक्त एकच अडचण होती. गाडी पुढे पळताना सगळं ठीक, पण ती वळून त्यांच्याकडे येऊ लागली की तिचा डावा तो यांचा उजवा होई, आणि गाडी भिंतीवर. दहादा भिंतीवर गेल्यावर सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी कागदावर आकृती काढली. मग उठून म्हणाल्या, "मी गाडीकडे पाठ फिरवली की झालं. पाठ फिरवून आरशात बघायचं. डावं ते डावं, उजवं ते उजवं."

ब्रेकबाईला हे लगेच पटलं. ती दिवसभर आरशात बघूनच तर पोट भरत होती. नवऱ्याने दुकानातून एक गोल आरसा आणला. "हा बरा, की हा?" असं विचारून त्याने तीन आणले होते. आरसा रिमोटवर बसवायला ब्रेकबाईने पकड छापली. पहिली सैल झाली, दुसरी इतकी घट्ट की आरशाला तडा गेला, तिसरी जमली. आता गाडी दूर जात असली की सासूबाई तिच्याकडे तोंड करत, आणि परत येऊ लागली की गर्रकन पाठ फिरवून आरशात बघत. गाडीची एक फेरी होईपर्यंत त्यांचीही एक होई.

पुढच्या महिन्यात सासूबाई ओट्यावर चढल्या. ब्रेकबाई खाली, उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभी राहिली. पहिल्याच फेरीला सासूबाईंनी पाठ फिरवली आणि त्यांचं कोपर शेजारच्या दंतवैद्यांना लागलं.

"अहो आजी, शर्यत तिकडे आहे!"

"ठाऊक आहे. तुमच्या नियमात उभं कुठे राहायचं एवढंच लिहिलंय. तोंड कुठे करायचं ते नाही. मी वाचून आलेय."

सहा फेऱ्या गाडी वाऱ्यासारखी पळाली. दुसरा नंबर! ब्रेकबाईची नजर पुढच्या चाकांवर होती. एवढ्या वेगात वळताना आपण काढलेला तो हात टिकेल का, हेच ती बघत होती. सातव्या फेरीला दंतवैद्यांची गाडी आणि ही अगदी खेटून आल्या. दोन्ही लाल. सासूबाई वळल्या, आरसा जरासा हलला, आणि त्यात एक लाल गाडी दिसली ती त्यांनी आपली म्हणून धरली.

ती दंतवैद्यांची होती.

दंतवैद्य जसे वळवत होते तसंच सासूबाईही वळवत होत्या, त्यामुळे त्यांना वाटलं, सगळं आपल्याच हातचं. इकडे त्यांची खरी गाडी वळण चुकून मैदानाच्या उघड्या फाटकातून बाहेर पडली आणि उतारावरून झोकांड्या खात निघाली.

"आई! गाडी!" ब्रेकबाई ओरडली.

"बघतेय! काय पळतेय गं!" सासूबाई आरशात बघत म्हणाल्या.

ब्रेकबाई धावत सुटली. गाडी पायरीवरून उडाली, फूटपाथच्या कडेला आपटली आणि थेट बसथांब्याकडे वळली. थांब्यावर तिच्याच डेपोची बस उभी होती. धावत येणारी बाई चालकाने बाजूच्या आरशात पाहिली, शांतपणे दार लावलं आणि बस काढली. धावत येणाऱ्यासाठी थांबायचं नाही, हे त्याला ब्रेकबाईनेच शिकवलं होतं. एकोणीस वर्षांत बसमागे धावणारे तिने हजारो पाहिले होते. धावताना छातीत कसं होतं ते तिला आज कळलं.

गाडी थांब्यावरच्या बाकाच्या पायाला नाक लावून उभी होती. मागची चाकं अजून गरगर फिरत होती. सासूबाईंनी वेग सोडला नव्हता.

"ताई, तुमची का?" रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं. "माझ्या मागे आली म्हणून मी हिची जागा धरून ठेवलीय."

ब्रेकबाई बाकावर टेकली. तिने गाडी उलटी केली आणि अंगठ्याने पुढचा हात दाबून पाहिला. पायरी, कडा, बाकाचा पाय, एवढं सगळं खाऊन त्यावर साधा ओरखडा नव्हता. तिने तो पुन्हा दाबला. मग उजवा. आणि ती एकटीच मोठ्याने हसली. आजोबांनी रांगेत दोन पावलं मागे घेतली.

ती परत आली तेव्हा शर्यत संपली होती. दंतवैद्य पहिले आले होते, आणि सासूबाई ओट्यावरून लोकांना हात हलवून धन्यवाद देत होत्या. नवरा खाली टाळ्या वाजवत होता. खरं काय ते त्याला माहीत होतं, पण सांगायचं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

"आई," ब्रेकबाईने काखेतली गाडी दाखवली. "आपली ही."

सासूबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग मैदानातल्या लाल गाडीकडे. 

"मग मी चार फेऱ्या कोणाची चालवली?"

"डॉक्टरांची."

"हं." पदर सारखा करून त्या दंतवैद्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "अभिनंदन. शेवटचं वळण तुम्ही जरा उशिरा घेतलंत. मी वेळेवर घेतलं होतं."

दंतवैद्य आधी गोंधळले, मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते इतके हसले की त्यांना ओट्याची कड धरावी लागली. मग त्यांनी ब्रेकबाईच्या काखेतली गाडी मागितली, तिचा पुढचा हात वाकवून पाहिला, आणि तो कोणी बनवला असं विचारलं. त्यांच्या घरी अशाच चार गाड्या भाग मिळत नाहीत म्हणून पडून होत्या.

तेव्हापासून ब्रेकबाईच्या टेबलावर शहरभरातल्या लंगड्या गाड्या येतात. ती मापं घेते, काढते, आडवं निजवून छापते. सासूबाई तपासून दहापैकी गुण देतात, आणि वळणं घेण्याबद्दल दंतवैद्यांना आजवर सहाच्या वर मिळालेले नाहीत. बसमागे कोणी धावत येताना दिसलं तर ब्रेकबाई आता थांबते. त्यामुळे तिची बस पूर्वीपेक्षाही उशिरा पोचते, आणि डेपोत त्यावर रोज तक्रार असते.

सासूबाईंच्या गाडीला पिवळा रंग दिला आहे. गेल्या शर्यतीत त्या नवांत चौथ्या आल्या. निकाल वाचून झाल्यावर चष्मा पुसून त्या ओट्यावरून खाली उतरल्या आणि त्यांनी फेरतपासणीचा अर्ज दिला.