आठवी फेरी

अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न बघता त्या खेळावर अधिकाराने बोलणारी व्यक्ती सबंध इलिनॉय राज्यात एकच होती, आणि ती अमरावतीच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेली होती. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. आम्ही म्हणजे मी. शॉमबर्गमधल्या एका देशी किराणा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात खाण्याचं काउंटर आहे, तिथे मी वडे, सामोसे, मिसळ वगैरे करतो. बाईंचा मुलगा तिथून पायी दहा मिनिटांवर राहतो, आयटीत आहे. बाई दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये यायच्या आणि सप्टेंबरात परत जायच्या. सकाळी मुलगा-सून कामावर आणि नात शाळेत गेली, की सुती साडी, त्यावर मुलाचं जाकीट, पायात पांढरे बूट आणि डोक्यावर नातीने दिलेली आमच्या इथल्या फुटबॉल टीमची लोकरीची टोपी अशा वेषात त्या दुकानात शिरायच्या. काउंटरजवळची भिंतीकडची खुर्ची त्यांची. बसल्या बसल्या पहिलं वाक्य ठरलेलं : "दत्तात्रय, चहा. आणि कालच्यात साखर नापास होती." मला अख्ख्या अमेरिकेत दत्तात्रय म्हणणारं दुसरं कुणी नाही. बाकी सगळ्यांना मी डॅट.

सामना त्यांना बघवत नसे. "लेकरं एकमेकांवर आपटतात आणि लोक टाळ्या वाजवतात. हे काय होय बाप्पा?" असं म्हणून त्या टीव्हीकडे पाठ करत. मात्र एका एप्रिलमध्ये मी चॅनेल बदलायला विसरलो आणि बाईंना ड्राफ्ट दिसला. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातली खेळाडू मुलं सगळ्या व्यावसायिक टीम आळीपाळीने निवडतात, तो सोहळा. तीन दिवस चालतो, सात फेऱ्या असतात. चहा हातात तसाच धरून बाई बघत राहिल्या. "दत्तात्रय, अरे हे तर अ‍ॅडमिशन चाललंय! गुणवत्ता यादी आहे, वेटिंग आहे, पालक आलेत." मग गेल्या मोसमात जी टीम सगळ्यात शेवटी आली तिला सगळ्यात आधी निवडायला मिळतं, हे त्यांना कळलं. ते दोनदा विचारून त्यांनी खात्री करून घेतली. "म्हणजे नापास झालेल्याला पहिल्या बाकावर बसवतात. आमच्याकडे त्याला मागे बसवतात नाहीतर घरी." त्यांनी खुर्ची टीव्हीकडे वळवून घेतली. पुढच्या वर्षीपासून त्यांचं तिकीट ड्राफ्टच्या तारखा बघून निघू लागलं. मुलाला वाटायचं, आईला नातीची ओढ आहे. तीही होतीच म्हणा.

मात्र ड्राफ्ट संपल्यावर पेपरवाले आणि टीव्हीवरचे तज्ज्ञ प्रत्येक टीमला ए, बी, सी, डी अशा ग्रेड देतात, हे समजलं त्या दिवशी बाईंचा जो संताप झाला तो बघून मी तळणीचा गॅस बंद केला होता. "पेपर अजून कोरा आहे आणि हे मार्क देऊन मोकळे! मुलगा अजून मैदानावर उतरला नाही, ह्यांची बी प्लस तयार. कोण आहे ह्यांचा मॉडरेटर?" दहावीच्या बोर्डासाठी बाईंनी वर्षानुवर्षं पेपर तपासले होते, त्यामुळे हा त्यांना धंद्याचा अपमान वाटला. त्यांनी दोनशे पानी वही घातली. नातीकडून सगळ्या ग्रेड छापून घ्यायच्या ("आज्जी, धिस इज सो एम्बॅरसिंग," असं म्हणत ती बिचारी आणून द्यायची), वहीत चिकटवायच्या, आणि बरोबर तीन वर्षांनी लाल पेन घेऊन तपासायच्या. मुलांना नव्हे, तज्ज्ञांना. जुन्या ग्रेडही नातीने इंटरनेटवरून शोधून दिल्या, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात निकाल लागू लागले. एका सुटाबुटातल्या नामांकित तज्ज्ञाच्या नावापुढे मी स्वतः वाचलंय : "शंभरपैकी अकरा. आत्मविश्वास उत्तम, अभ्यास नाही. पालकांना भेटायला सांगावे."

त्यांचा कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे आमचा पोस्टमन डेनिस. अंगाने कपाटाएवढा. दुकानाची टपालं टाकून दोन सामोसे खाणार आणि टीमबद्दल रडणार. सुट्टीच्या दिवशी तो जी जर्सी घालतो त्यावर नाव असलेल्या खेळाडूला टीमने केव्हाच काढून टाकलंय, पण डेनिसने नाही काढलं. एका वर्षी टीमला क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, रक्षण करणारे दांडगे गडी हवे होते, आणि निवडला चेंडू झेलणारा एक सडपातळ पोरगा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आम्हाला डी दिला. डेनिस रागाने इतका लाल झाला होता, की मला वाटलं हिरव्या चटणीत मिरच्या जास्त झाल्या.

"डी! आपली लायकीच ती," तो म्हणाला. "बाई, तुम्हीच सांगा, ह्या पोराला का घेतलं?"

"व्हॉट डझ हिज मदर डू?" बाई.

"आं?"

"नाव पुकारल्यावर तो उठला, तेव्हा आधी आईकडे बघितलं. कॅमेऱ्याकडे नंतर. हा टिकणार. यू वेट थ्री इयर्स."

"तीन वर्षांत माझं हार्ट बंद पडेल."

"मग सामोसे कमी खा."

हे सगळं ती दोघं आपापल्या इंग्रजीत बोलायची आणि दोघांनाही सगळं कळायचं. पुढे तो पोरगा दुसऱ्याच मोसमात टीमबाहेर गेला. डेनिस टाळ्या वाजवत आला, तर बाईंनी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. स्वतःच्या नावापुढे त्यांनी आधीच लाल शून्य काढलं होतं. खाली शेरा : "भावनेच्या भरात मार्क दिले." डेनिसचा आनंदच गेला. त्याने टोपी काढली आणि त्या दिवशी एकच सामोसा खाल्ला.

शनिवारी, तिसऱ्या दिवशी, शेवटच्या फेऱ्या असतात. दुकानाला गर्दी असते, टीव्हीकडे कुणी बघत नाही, पण बाई त्या दिवशी डबा घेऊन येत आणि उठत नसत. पहिल्या फेरीतल्या सुटाबुटातल्या मुलांशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. सातव्या फेरीची वाट बघत घरच्या सोफ्यावर बसलेली मुलं दाखवतात ना, ती त्यांची. "बघ, फोन समोर ठेवलाय. सगळं घर फोनकडे बघतंय आणि तो एकटा भिंतीकडे. उपडा नाही ठेवला हं फोन. अजून आशा आहे." मी वडे तळता तळता बघायचो, आणि का कोण जाणे, एखादा घाणा हमखास करपायचा.

का ते बाईंना माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं होतं, "किती शिकलास?" मी म्हणालो, "बारावी झालीय, बाई." त्या "हं" म्हणाल्या होत्या, बस. खरं तर कराडजवळच्या आमच्या गावी नववीला गणितात आपटलो आणि वडिलांनी हॉटेलात लावलं, ते आजतागायत मी कढईपुढेच आहे. बारावीचं खोटं मी इथे सगळ्यांना सांगत आलो. तीन वर्षांपूर्वी मालकांनी बोलावून सांगितलं, की किचन तुझ्या नावावर चालवायचं तर फूड सेफ्टीची परीक्षा पास हो, नाहीतर दिवाळीनंतर दुसरा माणूस आणावा लागेल. मालकांचं चुकत नव्हतं. नियमच आहे, आणि ह्याच मालकांनी मला इथे उभं केलंय. पण परीक्षा हा शब्द ऐकून माझ्या हातून झारा पडला. नोकरी गेली तर माझ्या इथे राहण्याच्या कागदांचं काय, गावी आईला काय सांगू, अशा विचारांनी दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी बाईंना पुस्तक दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पानं चाळली आणि म्हणाल्या, "चल. नववीच्या गणितापासून सुरू करू."

मी गॅस बारीक केला. मग विचारलं, "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"बारावी झालेले मला मॅडम म्हणतात आणि बसल्या जागेवरून बोलतात. तू मी आले की उठून उभा राहतोस, रोज. शाळा अर्धी राहिलेला माणूसच इतका उठतो रे."

तो उन्हाळा मी शिकलो. रोज दुपारी गर्दी ओसरली की तासभर. चिकन किती तापमानाला शिजतं, फ्रीज किती डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही, जंतुनाशक द्रावणात किती पाण्याला किती औषध. बाई शाकाहारी, चिकनचं नाव घेताना पदर नाकाला लावत, पण आकडा चुकला की टेबलावर पट्टी आपटत. पट्टी नव्हती, उलथणं होतं. डेनिस टपाल टाकायला आला की तोही मला एक प्रश्न विचारून जायचा. ऑगस्टमध्ये परीक्षा दिली आणि दोन मार्कांनी गेलो.

बाई आल्या तेव्हा मी फ्रीजचं दार उघडून त्याच्या आड उभा होतो. "दार लाव, तापमान वाढतंय," त्या म्हणाल्या. मी लावलं. मला वाटलं, रागावतील नाहीतर समजूत घालतील. त्या खुर्चीत बसून राहिल्या. चहाही मागितला नाही. मग आपल्याशीच बोलावं तसं म्हणाल्या, "एकदा मी एका मुलाला चौतीसवर ठेवला होता. एक मार्क कुठेही देता आला असता. पण गठ्ठे मोठे, घाई होती. त्याच्या शाळेत चौकशी केली, तर तो पुन्हा परीक्षेला बसलाच नाही म्हणाले. मी लगेच निकाल दिला ना. तेव्हापासून मला घाईचे मार्क बघवत नाहीत."

सप्टेंबरात त्या निघाल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी वही उघडून दाखवली. त्या वर्षीच्या ड्राफ्टचं पान. सात फेऱ्या, आमच्या टीमने घेतलेली मुलं, त्यांच्यापुढे तज्ज्ञांच्या ग्रेड. त्याखाली सुवाच्य अक्षरात : "आठवी फेरी. दत्तात्रय. जागा : स्वयंपाकघर." आणि ग्रेडच्या रकान्यात, "निकाल राखून ठेवला आहे."

"शेवटच्याला पहिली निवड मिळते ह्या देशात," त्या म्हणाल्या. "परत बस परीक्षेला. मी तीन ड्राफ्ट थांबेन."

ऑक्टोबरात मी पास झालो. सर्टिफिकेट काउंटरच्या वर, देवाच्या फोटोशेजारी लावलंय. मालकांनी माणूस आणला नाही. डेनिसने सगळ्या दुकानादेखत मला उचललं होतं. फोनवर सांगितलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "परीक्षेचा निकाल त्यांनी दिला. माझा वेगळा आहे."

त्यानंतर बाई आल्या नाहीत. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग हृदयाच्या डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास बंद केला. मलाही जाता येत नाही. कागद अर्ध्या वाटेवर आहेत, आणि आत्ता देश सोडू नका असं वकील सांगतात. मी विचारतो, किती दिवस, तर ते हसतात. बाईंची खुर्ची आहे तिथेच आहे. मी ती हलवत नाही असं काही नाही, फरशी पुसताना हलवतो, मग परत ठेवतो. गेल्या महिन्यात फोन केला.

"बाई, तिसरा ड्राफ्ट आला."

"मोजतेय मी. वही काढून ठेवलीय. पण दत्तात्रय, लेखीचं मी बघेन, प्रात्यक्षिकाचं काय? वड्याचा वास फोनवरून येत नाही."

"मग या ना."

"तू ये."

मग दोघंही थोडा वेळ अमरावतीच्या उन्हाबद्दल बोललो.

आज तिसरा दिवस, शनिवार. दुकान भरलंय, टीव्ही चालू आहे. डेनिस जुनीच जर्सी घालून आलाय आणि पहिल्या फेरीतल्या निवडीला आत्ताच एफ, म्हणजे थेट नापास, देऊन बसलाय. मी त्याला म्हणालो, "वेट थ्री इयर्स." त्याने भिंतीकडच्या खुर्चीकडे बघितलं आणि एफ मागे घेतला. सातवी फेरी संपत येते तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच होतात आणि अमरावतीत पहाटेचे चार. बाई आयुष्यभर चारला उठत आल्या आहेत. मी कढईपाशी उभा आहे. फोन खिशात नाही, काउंटरवर आहे. उपडा ठेवलेला नाही.