काचेतलं धवळं

जुनी मोटार घेतली तेव्हा ती आतून हंसासारखी पांढरी करायची, असा माझा हट्ट होता. विसरवाडीत गाड्यांच्या गाद्या शिवणारा एक कारागीर होता. तो नेहमी हमरस्त्याकडे पाठ करून बसे. माझं पांढरं रेक्झीन पाहून त्याने ते बाजूला ठेवलं. त्याने मला स्टिअरिंगसमोर बसवलं आणि आपला पांढरा रुमाल डॅशबोर्डवर पसरला. भर उन्हात, काचेपलीकडे थेट रस्त्यावर, एक पांढरी आकृती उभी राहिली; रुमालाचंच प्रतिबिंब!

"काळं लावा, भाऊ," तो म्हणाला. "मंग काचमा जे धवळं दिसी, ते खरंच शे."

त्याच्याकडून काळं लावून घेतलं आणि निघालो. दोन मैलांवर काचेत पांढरं धोतर हललं. मी करकचून ब्रेक दाबला. उतरून पाहतो, तर रस्ता रिकामा!

तसाच मागे फिरलो. मोटारीचा आवाज ऐकून त्याची सुई थांबली, मान मात्र वळली नाही.

"थांबनात ना, भाऊ?"

"थांबलो की!"

"मी डायव्हर व्हतू, तवय माले तठेच धोतर दिसनं, पन मी नही थांबनू. मन्ही गाडी आतून धवळी व्हती. माले वाटनं, काचमानी सावलीच शे."