मनगटावरचा टेस्टर

“ताई, फोन खाली ठेवून राह्यलो. आता मी करीन तवाच बोलणं.”

खांबावर चढण्याआधी भाऊंचा हा निरोप ठरलेला असायचा. एवढं बोलून ते फोन बंद करायचे, मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीत टाकायचे, पिशवीची नाडी आवळायचे आणि मगच कमरेला पट्टा बांधायचे. मी वाशिम जिल्ह्यात मेडशीच्या बाजूला एका सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. वायरमनला तारेवर काम करायचं असलं की तो मला फोन करतो, मी त्या भागाची लाईन बंद करते आणि तो खाली उतरून पुन्हा सांगेपर्यंत बटणाला हात लावत नाही. बाकीचे वायरमन वर चढूनही बोलत असतात, बायकोला भाजी काय करायची ते सांगतात. भाऊंचा फोन एकदा पिशवीत गेला की माझ्याकडे नुसती वाट पाहणं उरायचं, आणि ते मला कधीच सोपं गेलं नाही.

या नियमाला कारण होतं. त्यांच्या एका जुन्या जोडीदाराच्या खिशात खांबावर असताना फोन वाजला होता. तो दचकला आणि त्याचा हात शेजारच्या चालू तारेला लागला. भाऊ तेव्हा खाली उभे होते. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

असा एखादा वायरमन तुमच्याही गावात असेल. अंगाने बुटका, खांद्याने रुंद, पॅन्टच्या मागच्या खिशात पक्कड. लाईट गेली की लोक ऑफिसला नंतर आणि त्याला आधी फोन करतात. ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात, आणि भाऊ डीपीशी बोलायचे. “काहून रुसली वं माय?” असं विचारून तिच्याभोवती एक फेरी मारायचे. वीज चोरायला तारेवर आकडा टाकणाऱ्याला झापायचे आणि त्याच्याच अंगणात बसून चहाही प्यायचे. बदलीची यादी लागली की आसपासच्या गावांतले लोक साहेबांकडे जाऊन सांगायचे, दुसरं कोणालाही हलवा, पण भाऊंना राहू द्या.

त्यांची मुलगी पोलिसात लागली. पहिल्या पगारात तिने वडिलांसाठी घड्याळ घेतलं. काळं, जाडजूड, धावपळीच्या लोकांसाठी असतं तसलं. आपटलं तरी फुटत नाही, पाण्यात पडलं तरी बिघडत नाही. भाऊंनी ते सबस्टेशनच्या नळाखाली धरून आम्हाला दाखवलं, नंतर भिंतीवर आपटूनही दाखवलं. ते किती वेळ आपटत राहणार अशी मला धास्ती वाटत होती.

घड्याळ पहिल्यांदा सुरू करताना त्याने कोणती भाषा हवी ते विचारलं असणार. भाऊंनी रबरी हातमोजे घालूनच कुठलंतरी बटण दाबलं आणि ते कुठल्यातरी परक्या लिपीत जाऊन बसलं. ती चिनी होती की आणखी कुठली, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. “आकडे तं आपलेच हायेत ना,” असं म्हणून त्यांनी बटणं दाबत वेळ लावून घेतली आणि विषय संपवला.

मुलगी फोनवर रोज विचारायची, घड्याळ मोबाईलला जोडलं का. जोडलं की सगळं मराठीत दिसतं, तुमची तब्येतही मला इथून बघता येते. भाऊ हो हो म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर आम्हाला सांगायचे, “घड्याळाची आन् फोनची सोयरीक आपल्याले जमवायची नाई. कोणाचा फोन आला तं थो मनगटावर वाजन. मंग मी वर असलो तं?”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्या नियमाने ते इतकी वर्षं खांबावरून धडधाकट खाली उतरत आले, तोच नियम ते पाळत होते. आज मला त्या नियमाचाच राग येतो.

काही महिन्यांनी घड्याळ थरथरायला लागलं. दिवसभर नाही, एखाद्या वेळीच. खांबावर पट्ट्याला टेकून काम करत असताना मनगटावर गुरगुर व्हायची, पडद्यावर लाल रंगात दोन ओळी उमटायच्या आणि थोड्या वेळाने जायच्या. त्या परक्या ओळी कोणाला वाचता येणार? भाऊंनी एकदोनदा बटणं दाबून पाहिली आणि सोडून दिलं.

मग ते मांडवाचं प्रकरण झालं. एका गावात लग्न होतं आणि त्याच गावाच्या लाईनवर भाऊंचं काम निघालं. मी लाईन बंद करून दिली. भाऊंनी खालूनच लांब काठीच्या टेस्टरने तपासली, तार मेलेली होती. चुकून करंट आलाच तर जमिनीत जावा म्हणून तिच्यावर अर्थिंगची साखळी टाकायला ते चढले आणि अर्ध्या खांबावर असतानाच घड्याळ थरथरलं. भाऊ थांबले. का कोण जाणे, पण खाली उतरले आणि पुन्हा टेस्टर लावला. दिवा लागला. तेवढ्या वेळात मांडववाल्याने जनरेटर सुरू केलं होतं आणि त्याची जोडणी अशी काही केली होती की त्याचा करंट घरातून उलटा आमच्या तारेत येत होता. या उलट्या करंटला आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस भितो, कारण इकडून मी सगळं बंद केलं तरी तो तिकडून येतोच.

भाऊ दोन पावलं आणखी वर चढले असते तर लग्नाच्या मांडवासमोरच गेले असते. त्यांचा जोडीदार गजानन तेव्हा खाली उभा होता. त्यानेच सबस्टेशनवर येऊन हे सगळं सांगितलं. घड्याळाने वाचवलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ही गोष्ट शिरपूरपर्यंत गेली. भाऊंच्या मनगटावर करंट ओळखणारं घड्याळ आहे, असं लोक सांगू लागले. पोरीने पोलिसातून खास पाठवलं, अशीही कोणीतरी भर घातली. त्यानंतर घड्याळ थरथरलं की काम थांबायचं. माणसं आसपासच्या शेतात जनरेटर शोधत फिरायची, मला पुन्हा फोन यायचा, मी पुन्हा सगळं तपासायचे. बहुतेक वेळा काहीच सापडायचं नाही. तरी काहीतरी असणारच, असं म्हणत सगळे वर तारेकडे बघत उभे राहायचे. तारेखालच्या माणसाकडे कोणी बघत नव्हतं.

गजाननने एकदा हौसेने ते घड्याळ स्वतःच्या हातात घातलं. आठवडाभर वापरलं, पण ते एकदाही थरथरलं नाही. परत भाऊंच्या हातात गेलं आणि दुसऱ्याच दिवशी गुरगुरलं. गजानन म्हणाला, याले मालक समजते. सगळे हसले. मीही हसले, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

एका दुपारी भाऊ सबस्टेशनवर चहा पीत बसले होते. कडुनिंबाखाली खुर्ची, हातात कप. खांब नाही, पट्टा नाही, काही नाही. आणि घड्याळ थरथरलं. भाऊंनी मान वर केली. झाडाच्या बरीच वरून एक लाईन गेलेली आहे. “इंडक्शन असन, वरच्या तारेतला करंट हवेतून येत असन,” ते म्हणाले आणि खुर्ची उचलून भिंतीकडे घेऊन गेले. कपाळावर घाम होता. जरा बसल्यावर घड्याळ शांत झालं, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, “पाह्यलं? तिथं येत होतं, इथं नाई येत.”

मी घड्याळ मागून घेतलं आणि स्वतःच्या हातात बांधून कडुनिंबाखाली त्याच जागी जाऊन बसले. काही झालं नाही. काढून उलटं केलं. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकत होता. तो दिवा वर तारेकडे नव्हता, खाली मनगटाच्या कातडीकडे तोंड करून होता.

मी आडवळणाने बोलले नाही. म्हटलं, भाऊ, हे करंट मोजत नाही, तुमची नाडी मोजतं. तुमच्या छातीत काहीतरी बिघडतंय, तेव्हा ते ओरडतं, नाडीच लागली नाही तर गप्प बसतं. एकदा फोनला जोडा, काय लिहितंय ते वाचू आणि मग हवं तर तोडून टाका.

ते शांतपणे म्हणाले, “मंग त्या दिवशी मांडवात काहून वाजलं, ताई? छातीनं सांगलं काय मले, का जनरेटर चालू झालं?”

योगायोग म्हणावं तर समोर जिवंत माणूस बसलेला होता. जिने जीव वाचवला ती गोष्ट खोटी आहे, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तरी माझ्या भुणभुणीला कंटाळून ते वाशिमला जाऊन आले. छातीला वायरी लावून कागद काढला. डॉक्टरने बघून सांगितलं की या घटकेला तरी सगळं ठीक आहे, पुन्हा तसं झालं की त्याच वेळी या. भाऊंनी या वाक्याचा पुढचा अर्धा भाग सोडून दिला. पेढे घेऊन सबस्टेशनवर आले आणि कागद माझ्या टेबलावर पसरला. “हार्ट ओके हाय,” ते म्हणाले. म्हणजे घड्याळाला लाईनच कळते, हे त्यांच्या दृष्टीने आता डॉक्टरनेही मान्य केलं होतं. मी पेढा घेतला. तो माणूस इतका आनंदात होता की मला पुढे बोलवेना.

हिवाळा लागला. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, सगळे पंप चालू, रोज कुठेतरी दोन तारा जोडणारा जंपर जळायचा. भाऊ रोज कुठल्यातरी खांबावर असायचे. गजानन मला सांगायचा की भाऊ हल्ली अर्ध्यात थांबतात, खांबाला कपाळ टेकवतात. त्याला वाटायचं ते तारेचा कानोसा घेतात. मी त्यांच्या मुलीलाही फोन केला. ती म्हणाली, पुढच्या सुट्टीत मी स्वतःच येते आणि त्यांना मोठ्या डॉक्टरकडे नेते. त्या दिवसापासून भाऊंनी फोन ठेवला की माझं कामात लक्ष लागेनासं झालं. त्यांचा परतीचा फोन आला की मी लाईन सोडायचे, म्हणजे पुन्हा चालू करायचे, आणि खुर्चीत बसून राहायचे.

त्या दिवशीही दुपारीच त्यांनी लाईन मागितली. मी बंद केली. नेहमीचं वाक्य बोलून त्यांनी फोन पिशवीत टाकला. काम छोटं होतं. ते व्हायला हवं होतं त्याहून बराच वेळ गेला आणि मग फोन वाजला. तो गजाननचा होता.

“ताई, तुमी लाइन सोडली काय?”

नाही, मी म्हटलं. बंदच आहे.

“मंग करंट कुठून येऊन राह्यला? भाऊ खाली पडेल हायेत. घड्याळ वाजून राह्यलं.”

भाऊ स्वतःच्या पायाने खाली उतरले होते. पट्टा सोडला, खांबाला पाठ टेकून बसले आणि कलंडले. गजाननने मनगटावर लाल ओळी पाहिल्या, गुरगुर ऐकली आणि जे आम्हा सगळ्यांना शिकवलेलं आहे तेच केलं. करंट लागलेल्या माणसाला पुरवठा तुटल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याने जमलेल्या लोकांना लांब हटवलं. दोघांना जनरेटर शोधायला पिटाळलं. एकाला सुका बांबू आणायला पाठवलं. त्याचं काहीही चुकत नव्हतं.

मी म्हटलं, गजानन, करंट नाही, त्यांना हात लाव. त्यांची छाती दाब.

“घड्याळ वाजून राह्यलं ना, ताई.”

मी सांगितलं की ते घड्याळ छातीचं आहे. मी ओरडले. मला आठवत नाही मी काय काय बोलले. तो रडत होता. मागे लोक त्याला, गजानन, हात नको लावू, असं ओरडून सांगत होते. त्याची दोन लेकरं शाळेत जातात. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

शेवटी मला एकच सुचलं. म्हटलं, थांब, मी सगळं सबस्टेशन बंद करते. सगळी गावं बंद करते. मग तरी लावशील ना हात? तो हो म्हणाला. परवानगी कोणाची घ्यायची, हे डोक्यातही आलं नाही. मी एकामागून एक सगळ्या लाईनी पाडल्या, सगळ्यात शेवटी मुख्य ब्रेकरही पाडला. पंप, गिरण्या, दवाखाने, सगळं गेलं. खोलीत नेहमी असते ती घरघर थांबली. मी धावत फोनकडे आले आणि म्हटलं, गजानन, आता कुठेच करंट नाही.

पलीकडून त्याचा आवाज आला. त्या आवाजात सुटल्यासारखं समाधान होतं.

“हो ताई, गेला करंट. घड्याळ थांबलं आता. लावतो हात.”