लाईट कुठं आली?

परमेश्वरनं नववीत शाळा सोडली. आता परभणीत भाड्याची खोली करून गॅरेजवर काम करायलाय, पण जीव सगळा गावाकडं, ताडकळसच्या गव्हात. दाणा भरायलाय अन् शेवटचं पाणी राहिलंय. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला सिमकार्ड बसवलंय, फोन लावला की मोटार चालू होते, म्हणून इथूनच तो फोन लावतो.

त्या संध्याकाळी खोलीतली लाईट गेली. त्यानं गावाकडं माईला फोन केला.

"माय, लाईट हाय का?"

"हाय की."

त्यानं मोटारीला फोन लावला. मोटार ढिम्म. पुन्हा माईला फोन.

"हाय म्हणलीस ना? मोटार उचलंना मग!"

"येड्या, घरची हाय म्हणलं. शेताची कुटं आली?"

तेवढ्यात खोलीत लाईट आली. ह्यानं खुशीत पुन्हा मोटारीला फोन लावला, अन् मग स्वतःलाच शिवी हासडली. लाईट परभणीत, मोटार ताडकळसला! कोन्त्या लाईटीवर खूश व्हावं, त्याला काई उमजंना.

खोली पुन्हा अंधारली अन् माईचा फोन वाजला.

"शेताची आली रं! लाव लवकर!"

आता मोटारीनं उचललं. चाचपडत दारात येऊन तो घरमालकिणीला ओरडला, "मावशी, लाईट आली!"

"कुटं रं? अंधारच हाय की."

"आमच्या गव्हात!"