पहिल्या सोलोचं पाणी

माझ्या विद्यार्थ्याच्या विमानाची चाकं धावपट्टीला टेकली, खाली उभ्या मी कोंडून धरलेला श्वास सोडला, आणि तेवढ्यात फ्लाइंग स्कूलचे मोठे सर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही जरा हँगरच्या मागं थांबा. पाच मिनिटांचं काम आहे."

मी गेलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लई दिवस कुणाला सांगितलं न्हाई.

विमान शिकवणाऱ्यांची एक रीत हाय. पोरगं पहिल्यांदा एकटं उडून सुखरूप उतरलं, की ज्यानं शिकवलं तो त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततो. त्या पाण्याशिवाय सोलो झाला असं कुणी मानत न्हाई. माझ्या डोक्यावरबी माझ्या सरांनी ओतलं होतं. दूर, परराज्यात. तिथं माझं गाव कुणाला ठाऊक नव्हतं. तो ओला शर्ट मी दिवसभर बदलला न्हाई.

लातूरकडं परत आलो ते नोकरीसाठी. इन्स्ट्रक्टरची जागा एक, उमेदवार तिघं. तिघांनाबी तीन महिने चाचणीवर घेतलं. ज्याचं शिकवणं दिसेल त्याला कायमचं पत्र. निलंग्याहून माय रोज फोनवर विचारायची, "लेकरा, लागली का नोकरी?" बा एसटीच्या डेपोत इंजिनं खोलून म्हातारा झाला होता. त्या दोघांना ते पत्र बघायचं होतं. मलाबी.

माझ्या वाट्याला ओंकार आला. बाप लातुरात डॉक्टर. पहिल्याच दिवशी बापानं पोराला माझ्या पाया पडायला लावलं. मग विचारलं, "सर, गाव कोणतं?"

"निलंगा."

"निलंग्यात कुठं?"

हा प्रश्न कशाचा असतो ते आमच्यात लहान लेकरालाबी कळतं. मी म्हणालो, "बुद्धविहाराच्या मागं."

"अच्छा, अच्छा," डॉक्टर म्हणाले आणि हसले. चांगलं हसले. मला वाटलं, काळ बदलला. येडा होतो.

ओंकार भित्रा होता. जमीन जवळ आली की विमानाचा दांडा आवळून धरायचा. मी त्याला शिकवलं, कोंबडीचं पिल्लू धरतो तसा धर, नुसता हातात असू दे. जवळपास तीन महिने तेच. मग त्या सकाळी मी इंजिन चालू ठेवूनच विमानातून उतरलो, दार लावलं, काचेवर थाप मारली. त्याला एकट्याला सोडायचं मी ठरवलं होतं. काही झालं असतं तर जबाबदारबी मीच.

आणि आता मी हँगरच्या मागं. पत्र्याला पाठ लावून. पलीकडं टाळ्या चाललेल्या. डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, माहूरहून तीर्थ आणलंय, ते बादलीत घाला. मग म्हणाले, "पुण्याच्या सरांच्या हातून होऊ द्या."

पुण्याचे सर म्हणजे दुसरा उमेदवार. ओंकारच्या शेजारी तो एकदाबी बसला नव्हता. मग पाणी पडलं. सिमेंटवर. तो आवाज मी ऐकला.

तो आवाज अजून गेला न्हाई. आजबी न्हाणीत बादलीखाली नळ सोडला की मी तसाच उभा राहतो. कधी कधी कोरडाच बाहेर येतो. लाज वाटते. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती, आणि ती वागवतोय मी.

थोड्या वेळानं ओंकार मागं आला. ओलाचिंब. इकडंतिकडं बघितलं, कुणी न्हाई ना याची खात्री केली, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"सर, पप्पांना सांगू नका."

तेव्हा मला राग आला. मागं धाडलं तेव्हा आला नव्हता, तो आत्ता आला. गाव कळायच्या आधी चारचौघांत पाया पडणारं पोरगं आता चोरून पडत होतं.

"ऊठ," मी म्हणालो. "चोरून न्हाई. पडायचं तर तिकडं, सगळ्यांसमोर."

तो उठला, गेला. तिकडं त्यानं काही केलं न्हाई. अठरा वर्षांचं पोर, मी त्याला दोष देत न्हाई. देतो. थोडा देतो.

दुपारी मोठ्या सरांनी पत्र पुढं सरकवलं. "जागा तुमचीच. शिकवावं तर तुम्हीच. फक्त सोलोचं पाणी दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ द्या. पालकांचं मन राखावं लागतं."

पत्रावर माझं नाव होतं. मी ते पुरतं वाचलं आणि परत सरकवलं.

"सर, ज्याला मी एकट्याला आभाळात सोडतो, त्याच्या डोक्यावर पाणी मीच ओतणार."

"विचार करा. बाहेर रांग आहे."

"रांगेत उभा राहतो."

मायला फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "पत्र हातात होतं ना रे?"

"होतं, माय."

तिनं फोन ठेवला. आठ दिवस बोलली न्हाई.

आता मुलाखतीला गेलो की कुणी विचारायच्या आधी मीच सांगतो. निलंगा, बुद्धविहाराच्या मागं. आणि माझ्या विद्यार्थ्याचं पाणी माझ्या हातानं. दोन ठिकाणी नको म्हणाले. तिसरीकडं कळवतो म्हणाले, कळवलं न्हाई. लायसन मी चालू ठेवलंय. खोलीत एक नवी बादली आणून ठेवलीय, अजून कोरडी हाय. ती मी चारचौघांत भरणार. हँगरच्या मागं पुन्हा जाणार न्हाई.