शाब्बास म्हणण्याआधी

मोबाइलच्या कॅमेऱ्याला "हाताची घडी, तोंडावर बोट" असं बजावणारी व्यक्ती अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच असेल, आणि ती वाशीला आमच्या शेजारच्या घरात राहते. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतो. माझे बाबा म्हणतात, दूधवाला म्हणतो, आणि बाईंचे मिस्टरही मनातल्या मनात तेच म्हणत असावेत, कारण बाईंनी हाक मारली की ते हातातल्या पेपरची घडी करून उभे राहतात. ईट गावाच्या रस्त्याला एका वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे बाईंकडे चौथीचा वर्ग होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना त्यांनी ठरवलं की आता आपण धड्यांचे व्हिडिओ करायचे, आणि 'हिला येतं म्हणे' एवढ्या माहितीवर त्या आमच्या दारात आल्या.

ती म्हणजे मी. कॉलेजच्या गॅदरिंगचे व्हिडिओ जोडायचं काम मी घ्यायचे, कारण व्हिडिओ जोडणाऱ्या मुलीला स्टेजवर जावं लागत नाही. बारा वर्षं मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत काढली. तिथे उत्तर मनात जुळवून हात वर करेपर्यंत मिस "नेक्स्ट" म्हणून पुढच्या बाकावर पोचलेल्या असायच्या. बाईंनी विचारलं, "शिकवशील का मला?" मी सवयीप्रमाणे खाली बघत राहिले. अशा वेळी समोरचं माणूस कंटाळून आईशी बोलायला लागतं, हा माझा अनुभव. बाई कंटाळल्या नाहीत. पर्स काखेत धरून उभ्याच राहिल्या, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. शेवटी मलाच ते सहन होईना. "हो," मी म्हणाले. "शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि चपला काढून आत आल्या.

बाई शिकल्या, पण त्यांच्या पद्धतीने. स्टँड मागवू म्हटलं तर त्यांनी ज्वारीने भरलेलं मापटं आणून ओट्यावर ठेवलं आणि मोबाइल त्यात खोचला. ताठ उभा राहिला. पुढे चार्जरच्या भोकातून मी सुईने ज्वारीची कणी काढली, तेव्हा म्हणाल्या, "व्हय, त्यालाबी भूक लागत असंल." मेसेजखाली उमटणाऱ्या दोन निळ्या खुणांवर तर त्या पहिला आठवडाभर खूश होत्या. "माझं समदं बरोबर यायलंय," त्या म्हणाल्या, "पण तपासतंय कोण गं?" खरं काय ते सांगितल्यावर जरा हिरमुसल्या, पण लगेच त्या खुणांची हजेरी करून टाकली. कोणत्या पालकाने वाचलं, कोणी नाही, याची वहीच घातली. चित्रावर लाल रेघ ओढता येते हे दाखवलं, ती मात्र माझी चूक झाली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा रंगीत फलक कोणीतरी पालकांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तो सात लाल गोलांसह परत आला, खाली शेरा, 'दहा वेळा लिहून आणा.' त्यानंतर ग्रुपवरची सुप्रभातं बंद पडली ती आजतागायत.

'लाईक करा, घंटी दाबा' असं व्हिडिओत म्हणायला त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. "घंटा वाजवणं माझं काम हाय, पोरांचं न्हाय," म्हणत त्यांनी माळ्यावरची पितळी घंटा काढली, आणि प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती स्वतः वाजवू लागल्या. कुणा अनोळखी माणसाने खाली लिहिलं, 'आवाज कमी येतो.' बाईंनी उत्तर दिलं, 'पुढच्या बाकावर येऊन बसा.'

एवढ्या खटाटोपाचं कारण मात्र गमतीचं नव्हतं. दिवाळीनंतर बाईंच्या वर्गातली पाच-सहा मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची, कारखान्याकडे पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायची, आणि उन्हाळ्यात परतायची ती पाढे विसरून. मग काही जणांना वर्गात यायची लाज वाटायची, आणि ती यायचीच नाहीत. त्या वर्षी जाणाऱ्यांत पूनम होती. "हुशार हाय," बाई सांगायच्या. "फकस्त सावकाश हाय. लई सावकाश. पण थांबलं की येतं तिला." पूनम परत आपल्या वर्गात येऊन बसली पाहिजे, हे बाईंनी मनावर घेतलं होतं.

आमचा पहिला मोठा धडा सातच्या पाढ्याचा. घरातल्या भिंतीवरच्या फळ्यापुढे उभ्या राहून बाईंनी विचारलं, "सात आठे?" आणि थांबल्या. चांगले दहा-बारा सेकंद. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, जरा खाली, कुणीतरी बसलंय असं बघत. मागे पंख्याची घरघर, कुठेतरी कोंबडा. मग मान डोलावून, "शाब्बास! छप्पन्न." प्रत्येक प्रश्नाला हेच. मी शहाणी, मी ते सगळं थांबणं कापून टाकलं. नऊ मिनिटांचा धडा चार मिनिटांवर आणला आणि कौतुक ऐकायला शेजारी गेले.

बाईंनी चष्मा लावून पूर्ण पाहिला. "चटपटीत झालाय," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "यातली पोरं कुठं गेली गं?"

"बाई, पोरं नव्हतीच."

"अगं माय, होती की. मी इचारत होते, ती सांगत होती."

"एवढं कोणी थांबत नाही, बाई. लोक पुढे जातात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "बरं, तुला कळतं त्यातलं," म्हणून तोच व्हिडिओ पाठवून दिला.

चार दिवसांनी पूनमच्या वडिलांचा आवाज ग्रुपवर आला. "बाई, नमस्कार. पूनम बघंना झालीय. म्हणती, बाई माझ्या आधीच शाब्बास म्हणत्यात, दुसऱ्याच कुणाला तरी म्हणत असत्याल. परत आल्यावर शाळंत जायची न्हाय म्हणती. तुमीच काय तरी सांगा."

बाई मला रागावल्या नाहीत. मापट्यातली ज्वारी नुसती हाताने सारखी करत बसल्या. ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं. दुसऱ्याच कुणाला तरी म्हटलेली शाब्बास ऐकायला कशी लागते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मूळ चित्रीकरण मी जपून ठेवलं होतं. त्याच दुपारी बसून कापलेलं सगळं थांबणं मी जागच्या जागी जोडलं. सात आठेच्या पुढे तर चित्र थोडं संथ करून दोन सेकंद जास्तच घातले. त्या दोन सेकंदांचं बाईंना अजून माहीत नाही. धडा पुन्हा ग्रुपवर गेला.

रविवारी सकाळी उत्तर आलं. पूनमच्या चुलत्याने त्याच्या मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. कोपीसमोर पूनम बसलेली, मांडीवर वडिलांचा मोबाइल, त्यातून बाईंचा आवाज, "सात आठे?" मागून उसाने भरलेला ट्रॅक्टर गेला. कुत्रं भुंकलं. पूनमने मान वर केली, खाली घातली, बोटं मोजली, एक बोट विसरून पुन्हा मोजली. बाई मोबाइलमध्ये थांबल्या होत्या, आणि माझ्या शेजारी खुर्चीतही थांबल्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून.

"छप्पन्न," पूनम म्हणाली.

"शाब्बास!" बाई दोन्हीकडून एकदमच म्हणाल्या. पूनमने हसून चुलत्याकडे पाहिलं आणि व्हिडिओ तिथेच संपला. आम्ही तो अकरा वेळा पाहिला. उन्हाळ्यात ती आली, आपल्या जागेवर बसली. डाव्या बाजूला, दुसऱ्या ओळीत. ती जागा मी तोवर चांगली ओळखायला लागले होते.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत आणि मी नोकरीसाठी पुण्यात असते. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा माइक बहुतेक बंद असतो. मी उत्तर जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. रविवारी मात्र बाईंचा व्हिडिओ कॉल येतो. मोबाइल मापट्यातच असणार, कारण अर्ध्या कपाळाशी कापलेला त्यांचा चेहरा आणि खाली ज्वारीची कड दिसते. "कशी हायस?" त्या विचारतात. "बरी आहे," मी पटकन सांगते. सगळ्यांना सांगते तसंच.

तिकडे पंखा घरघरत राहतो. डाव्या बाजूला, जरा खाली बघत, बाई थांबतात. आणि थोड्या वेळाने मी खरं काय ते सांगायला लागते.